मगज बदलला, पुढे काय?

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सकाळी फिरायला येणारे बेळगावकर त्या नावाचा फारसा विचार करत नाहीत. क्रिकेट, सभा, झाडांखालचा गारवा, एवढीच त्या जागेची ओळख आता उरली आहे. पण इथे खरोखरच लस तयार व्हायची, देवीची. ती जिवंत विषाणूची लस होती. निरोगी मुलाच्या दंडावर टोचली की फोड यायचा, खपली धरायची आणि जन्मभराचा व्रण मागे ठेवून प्रकरण मिटायचं. लाखो मुलांत एखादंच असं निघायचं, की त्याचा फोड थांबायचाच नाही. दंडभर, मग अंगभर पसरत जायचा आणि मूल हातचं जायचं. घरात म्हणत, देवी कोपली. कोपलं कुणीच नव्हतं. त्या फोडाला आवर घालणाऱ्या पेशीच त्या मुलाच्या रक्तात जन्मापासून नव्हत्या.

१९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. ती मुलं मात्र आजही जन्माला येतात. आता त्यांची पहिली गाठ पडते बीसीजीशी, जन्मल्याबरोबर. ही लसही जिवंतच. काखेत गाठ येते, ती फुटते, वाहत राहते. तोंडात पांढरा बुरा बसतो तो जात नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पाठ सोडत नाही. मग निपाणीचा डॉक्टर, तिथून कोल्हापूरचं सीपीआर किंवा बेळगावचं मोठं हॉस्पिटल, मधल्या वेळात दृष्ट काढणं आणि अंगारा. नशीब असेल तर कुणीतरी 'रक्त मुंबईला पाठवू या' म्हणतं.

जन्मजात प्रतिकारदोषांची जागतिक यादी आता साडेपाचशेच्या आसपास पोचली आहे. सगळ्यांना बोन मॅरो लागत नाही. कित्येकांचं औषधांवर भागतं. पण काही आजारांत हाडातला मगज बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यांतला सर्वांत तीव्र तो 'स्किड'. त्यात टी-पेशी जवळजवळ नसतातच आणि उपचार झाला नाही तर बहुतेक मुलं पहिला-दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. अमेरिकेत नवजात बाळांची तपासणी सुरू झाल्यावर तिथलं प्रमाण साधारण ५८,००० जन्मांमागे एक असं निघालं. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ४७ लाखांहून अधिक होती. हजारी सतरा-अठरा जन्म धरले तर वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास बाळं. म्हणजे अमेरिकेचाच हिशेब लावला तरी या एका जिल्ह्यात दर वर्षी स्किडचं एखादं बाळ जन्मत असणार.

आणि अमेरिकेचा हिशेब इथे तोकडाच पडेल. या पट्ट्यात मामाची मुलगी करण्याची रीत आहे, काही समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकात साधारण चारातलं एक लग्न नात्यात झालेलं आढळलं. मामे-आते भावंडांच्या लग्नातल्या मुलाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता १/१६ असते, मामा-भाचीच्या लग्नात १/८. आईबाप दोघेही ठणठणीत, पण एकेक सदोष प्रत बाळगणारे. मूल मात्र आजारी. हे सांगताना आवाज चढवणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. समोरच्या बाईने आपल्या आतेभावाशी लग्न स्वतः ठरवलं होतं, असं त्यांना वाटतं की काय, देव जाणे. शिवाय नात्यातल्या लग्नाला एक दुसरी बाजू आहे, ती क्वचितच सांगितली जाते. अशा कुटुंबात दाता शोधताना सख्ख्या भावंडांपलीकडे, चुलत-मामे नात्यातही पूर्ण जुळणारा माणूस सापडण्याची शक्यता वाढते.

बोन मॅरो बदलाचा इतिहास या मुलांपासूनच सुरू होतो. १९६८ साली मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांनी स्किडच्या एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीचा मगज दिला. त्याच्या आजोळची मुलं पिढ्यान्‌पिढ्या अशीच जात होती. पहिल्या वेळी गुंतागुंत झाली, म्हणून त्याच बहिणीचा मगज दुसऱ्यांदा द्यावा लागला. मुलगा वाचला, मोठा झाला. त्याचा रक्तगट बदलून बहिणीचा झाला, ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागेल. ह्यूस्टनचा डेव्हिड व्हेटर १९७१ साली जन्मला आणि प्लास्टिकच्या निर्जंतुक फुग्यात वाढला. बाराव्या वर्षी त्याला बहिणीचा मगज दिला. त्या मगजात एक विषाणू दडून बसलेला होता. त्यातून लिम्फोमा झाला आणि १९८४ साली तो गेला. आपल्याकडे पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या डॉक्टरने. ते रक्ताच्या कर्करोगासाठी होतं. प्रतिकारदोषांची पाळी आपल्याकडे बरीच उशिरा आली.

थोडं विषयांतर. वर्तमानपत्रांत अशा वेळी 'यशस्वी शस्त्रक्रिया' असा मथळा येतो. मुलावर शस्त्रक्रिया वगैरे काही होत नाही. दात्याच्या मूळपेशींची पिशवी रक्ताच्या बाटलीसारखी टांगतात, तासा-दोन तासांत ती संपते. जे काही जड आहे ते त्याच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या कित्येक वर्षांत असतं. फुलांचा गुच्छ, डॉक्टर, आईवडील आणि मास्क लावलेलं मूल असा फोटो छापून येतो आणि वाचकापुरती गोष्ट संपते. सीमाभागातल्या घरांतही तसंच म्हणतात, 'पोराचं बोन मॅरो केलंय, आता बरं हाय की.' या 'बरं हाय की'च्या पुढची वर्षं कशी जातात, हा या लेखाचा विषय.

पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटल्यामुळे आता त्या प्रश्नाला उत्तरं आहेत. पहिलं उत्तर असं, की पुढच्या वीस वर्षांचं आरोग्य बऱ्याच अंशी पहिल्या शंभर दिवसांत ठरतं, आणि तेही प्रत्यारोपणाच्या नव्हे, जन्माच्या. अमेरिकेतल्या २५ केंद्रांनी २००० ते २००९ या काळातल्या स्किडच्या २४० मुलांचा हिशेब २०१४ साली मांडला. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांतली ९४ टक्के मुलं पाच वर्षांनी जिवंत होती. त्याहून मोठी, पण संसर्ग न झालेली ९० टक्के. संसर्ग होऊन आटोक्यात आलेली ८२ टक्के. संसर्ग चालू असतानाच प्रत्यारोपण करावं लागलं, त्यांतली मात्र निम्मीच वाचली. डॉक्टर तेच, औषधं तीच. फरक वेळेचा.

म्हणून अमेरिकेत २००८ साली विस्कॉन्सिनने बाळाच्या टाचेच्या रक्ताच्या थेंबावर स्किडची तपासणी सुरू केली आणि २०१८ अखेरपर्यंत सगळी राज्यं त्यात आली. आपल्याकडे अशी देशव्यापी तपासणी नाही. देशभरच्या केंद्रांनी स्किडच्या मुलांच्या नोंदी २०२१ साली एकत्र प्रसिद्ध केल्या, त्यांत बहुसंख्य मुलं प्रत्यारोपणापर्यंत पोचलीच नव्हती. पण टाचेचा थेंब नसला तरी एक स्वस्त खूण आपल्या हाताशी आहे, तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. निपाणीतल्या कुठल्याही लॅबमध्ये होणारी साधी सीबीसी. त्यातली लिम्फोसाइटची टक्केवारी आणि एकूण पांढऱ्या पेशी यांचा गुणाकार करायचा. तान्ह्या बाळात ही संख्या तीन हजारांच्या खाली असेल तर सावध व्हायचं. मोठ्या माणसात हाच आकडा अगदी नॉर्मल असतो, आणि छापील रिपोर्टवरची 'नॉर्मल'ची पट्टी बहुधा मोठ्या माणसाची असते. त्यामुळे आजार कागदावर उघड लिहिलेला असूनही नजरेतून सुटतो. अशा बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर ते किरण दिलेलंच द्यावं लागतं. नाहीतर रक्तातल्या परक्या पेशी त्याच्याच शरीरावर उलटतात आणि त्यांना अडवायला कुणी नसतं.

दुसरं उत्तर जास्त गुंतागुंतीचं आहे. पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलने स्किडच्या ९० मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. दोन वर्षं पार केलेली ही मुलं, म्हणजे फोटोवाली, 'बरी झालेली'. तरी जवळजवळ निम्म्यांना पुढे काही ना काही गंभीर दुखणं झालं. कुणाला दात्याच्या पेशी शरीरावर उलटण्याचा दीर्घ विकार, कुणाला आपल्याच पेशी खाणारी ऑटोइम्युन दुखणी, कुणाला पुन्हा संसर्ग, कुणाला वजनच न धरणं. काही मुलांच्या हातापायांवर चामखिळी उगवल्या, त्या जाता जाईनात. चामखीळ म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट, पण या मुलांत ती शेकड्यांनी येते आणि पुढे त्वचेच्या कर्करोगाची धास्ती ठेवते. ती ठरावीक जनुकाच्या स्किडमध्येच दिसते. रक्त दुरुस्त झालं तरी कातडीच्या पेशी जुन्याच राहिल्या, हे त्याचं कारण असावं.

इथेच या सगळ्या विषयाची गोम आहे. मगज बदलतो तेव्हा रक्त बदलतं, मूल बदलत नाही. बिघडलेला जनुक फक्त रक्तात काम करत असेल तर प्रत्यारोपणाने आजार जवळजवळ पुसला जातो. तो शरीरभर काम करत असेल तर उरलेलं शरीर तसंच राहतं. एडीए नावाचं विकर नसलेल्या मुलांना नवीन रक्त मिळूनही ऐकू कमी येणं, चंचलपणा, अभ्यासात मागे पडणं हे त्रास उरतात. ग्रिसेली नावाच्या आजारात मुलाचे केस चंदेरी-राखाडी असतात, कधी गाव त्या केसांचं कौतुकही करतं. त्यात मेंदूला सूज येऊन गेली असेल तर मगज कितीही उत्तम बसो, झालेलं नुकसान भरून निघत नाही.

याउलट सीजीडी. या आजारात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत. प्रत्यारोपणानंतर या मुलांची खुंटलेली उंची वाढू लागते, आतड्याची सूज ओसरते, वर्षानुवर्षांची औषधं सुटतात. २०१४ साली झुरिचच्या तायफुन ग्युंगोर यांच्या गटाने सौम्य औषधं वापरून ५६ रुग्णांवर केलेल्या प्रत्यारोपणांचा अहवाल दिला, त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त जगले. आईबापांना धीर द्यायचा तर या मुलांकडे बोट दाखवावं.

विस्कॉट-आल्ड्रिच नावाच्या आजाराची गोष्ट आणखी वेगळी. रक्त वाहणं, इसब आणि संसर्ग असं त्रिकूट, रोगी मुलगेच. प्रत्यारोपणानंतर रक्त अर्धं स्वतःचं अर्धं दात्याचं असं मिश्र राहिलं, तर ऑटोइम्युन दुखणी डोकं वर काढतात. म्हणून दात्याच्या पेशींचं प्रमाण वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं. वर्षाला एक रक्ततपासणी चुकली म्हणजे लगेच काही होत नाही. तीन चुकल्या की जे कळायला हवं होतं ते उशिरा कळतं.

आता औषधांचा प्रश्न. नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी जुना मगज आधी केमोथेरपीने मारावा लागतो. स्किडमध्ये एक वेगळी सोय असते: परक्या पेशींना विरोध करायला टी-पेशीच नसतात, त्यामुळे कधी कधी केमोशिवायही मगज बसतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या रिबेका बकली यांनी तान्ह्या बाळांना केमो न देता आईचा किंवा बापाचा शुद्ध केलेला मगज देऊन कितीतरी मुलं वाचवली. विष नाही, त्यामुळे विषाचे पुढचे परिणामही नाहीत. पण त्यात एक खोट निघाली. टी-पेशी दात्याच्या येतात, बी-पेशी जुन्याच उरतात, आणि काही प्रकारच्या स्किडमध्ये या जुन्या बी-पेशींना प्रतिपिंडं बनवता येत नाहीत. मग दर तीन-चार आठवड्यांनी सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन, बहुधा जन्मभर. निपाणीजवळच्या कोगनोळीच्या शेतकऱ्याने दर महिन्याला एक दिवस, एक मजुरी आणि महागड्या बाटलीचा खर्च कुठून आणायचा, याचं उत्तर ड्यूकच्या अहवालात नाही.

केमो दिली तर बी-पेशीही नव्या येतात, इम्युनोग्लोब्युलिन सुटण्याची आशा वाढते. पण बुसल्फानसारखं औषध बीजकोशांवर घाव घालतं. मुलींची पाळी आपोआप सुरूच न होणं, पुढे मूल न होणं, हे त्याचे परिणाम पंधरा वर्षांनी दिसतात. तेव्हा ज्याने औषध दिलं तो डॉक्टर बहुधा निवृत्त झालेला असतो. ट्रेओसल्फान त्या मानाने सौम्य समजतात, म्हणून आता त्याचा वापर वाढतो आहे. दातांची मुळं खुरटणं, थायरॉइड मंदावणं, हाडं ठिसूळ होणं, वारंवार रक्त चढवल्याने यकृतात लोह साठणं, हे केमो, स्टेरॉइड आणि रक्ताचे पुढचे हिशेब. आर्टेमिस नावाच्या जनुकाच्या स्किडमध्ये तर डीएनए दुरुस्तीचीच यंत्रणा बिघडलेली असते. त्या मुलांना नेहमीची केमो फार जड जाते. वाढ खुंटते, पक्के दात येतच नाहीत. जनुक कुठला हे आधी न पाहता केमो ठरवणं म्हणजे ॲलर्जी न विचारता पेनिसिलिन टोचण्यासारखं.

म्हणून कुठला मार्ग बरा, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. कमी विष आणि जन्मभर बाटली, की जास्त विष आणि पूर्ण रक्त? माझं मत विचाराल तर ज्या मुलाला दर महिन्याला पक्की बाटली मिळण्याची खात्री नाही, त्याच्या बाबतीत मी दुसऱ्या बाजूला झुकेन, निदान मुलग्याच्या बाबतीत. मुलीच्या बाबतीत हात थांबतो. आणि हे मत बेळगावात बसून केलेलं आहे, बोस्टनमध्ये नव्हे. सुदैवाने आपल्या डॉक्टरांनी खर्चाच्या बाजूने एक वाट रुळवली आहे. अर्धा जुळणारा आई-बाप दाता असेल तर श्रीमंत देशांत पेशी यंत्राने गाळून देतात. ते फार महाग पडतं. त्याऐवजी मगज दिल्यानंतर काही दिवसांनी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनं, स्वस्त औषध द्यायचं, ही बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेली पद्धत भारतात चांगली रुजली. चेन्नईच्या अपोलोत डॉ. रेवती राज यांच्या गटाने प्रतिकारदोषांच्या मुलांत तिचा बराच वापर केला आहे.

जनुकोपचाराचं दुसरं दार आहे, पण ते इथून अजून दूर आहे. पॅरिस आणि लंडनमध्ये वीस मुलांवर झालेल्या पहिल्या प्रयोगांत पाच मुलांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. नंतरच्या सुधारित पद्धती कितीतरी सुरक्षित निघाल्या. पण उपचारानंतर वर्षानुवर्षं मुलाकडे पाहत राहायचं असतं, हा धडा त्या पाच मुलांनी दिला.

आता सीमाभाग. निपाणी ते मुंबई आणि निपाणी ते बंगळूर, दोन्ही वाटा रात्रभराच्या. एका बाजूला परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था, जिथे या आजारांचं निदान होतं, शेजारीच वाडिया बालरुग्णालयाचा प्रतिकारशास्त्र विभाग, आणि बोरिवलीत महापालिकेचं मुलांसाठीचं बोन मॅरो केंद्र. दुसऱ्या बाजूला बंगळूरची नारायणा, ॲस्टर सीएमआय अशी खाजगी हॉस्पिटलं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किड, सीजीडी, विस्कॉट-आल्ड्रिच हे पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचाराने बरे होणाऱ्यांत, येतात. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे. ती मिळते नेमलेल्या केंद्रांतून. आपल्या दृष्टीने त्यांतली जवळची दोनच: मुंबईचं केईएम आणि बंगळूरचं मानव आनुवंशिकी केंद्र, तिथल्या इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थेसह. म्हणजे पुन्हा रात्रभराचा प्रवास, एक तर उत्तरेला नाहीतर दक्षिणेला.

सीमा आपल्याला नवीन नाही. १८९४ साली मिरजेत वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून 'मिरजेला नेलंय' हा या भागातला गंभीर आजाराचा समानार्थी शब्दप्रयोग आहे, आणि तेव्हा कुणी राज्य विचारत नव्हतं. आज विचारावं लागतं. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं जाहीर केलं, कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली, दोन्हीकडे पत्रकं निघाली. वाद चालू असताना मला एकच गोष्ट खटकत होती: दोन्ही सरकारं हॉस्पिटलातल्या भरतीबद्दल बोलत होती. योजना भरतीसाठीच असतात. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषध-तपासणी खर्च धरलेला आहे. पंधरा दिवस. वर सांगितलेल्या प्रत्येक उशिरा येणाऱ्या दुखण्याचा हिशेब वर्षांत आहे. थायरॉइड वर्षातून एकदा, उंची-वजन सहा महिन्यांनी, दात, कान, डोळे, हाडं, लोह, फुप्फुसं, दात्याच्या पेशींचं प्रमाण. यातलं एकही काम मुंबईत जाऊन करण्यासारखं नाही. बहुतेक तपासण्या बेळगावच्या केएलई किंवा बिम्समध्ये, काही निपाणीतच होतील. अडतं कुठे, तर काय करायचं हे लिहिलेला कागद कुणाकडे नसतो. फाइल इंग्रजीत, चाळीस-पन्नास पानांची, दोन हॉस्पिटलांची, आणि कपाटात सगळ्यात वर. ही फाइल घेऊन येणाऱ्या बापाला विचारा, यात जनुकाचं नाव कुठे आहे? केमो कुठली, किती? तो पानं उलटत राहतो. समोर बसलेला डॉक्टरही.

घरातली काळजी मात्र आया चोख घेतात, कारण ती त्यांना कुणीतरी नीट समजावलेली असते. प्रत्यारोपणानंतर आधीच्या सगळ्या लसींची आठवण पुसली जाते आणि मुलाला लसीकरण पहिल्यापासून करावं लागतं. मृत लसी सहा-बारा महिन्यांनी सुरू होतात. गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत नाहीत, आणि तेव्हाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद असतील, इम्युनोग्लोब्युलिनची गरज संपलेली असेल तरच. घरात दुसरं बाळ असेल तर त्याला पोलिओचे थेंब नकोत, इंजेक्शनच द्यायचं. थेंबांतला विषाणू विष्ठेवाटे घरभर फिरतो, आणि प्रतिकार नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिनोन्‌महिने राहून रूप बदलू शकतो. पल्स पोलिओच्या रविवारी दारात आलेल्या आशाताईला 'आमच्या घरी थेंब नको' म्हणणं सोपं नसतं. शेजारीपाजारी वेगळाच अर्थ काढतात.

शेतकरी घराची आणखी एक अडचण. सीजीडीच्या मुलाचं प्रत्यारोपण झालेलं नसेल, किंवा झालेलं असूनही दात्याच्या पेशी पुरेशा धरल्या नसतील, तर कुजलेला पालापाचोळा, शेणखत, भिजलेला कडबा, उसाचं पाचट यांतली बुरशी त्याच्या फुप्फुसांत बसते. खताच्या ढिगाऱ्यात तासभर खेळल्यावर काही दिवसांत जिवावरचा न्यूमोनिया झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. निपाणी म्हटलं की वखारी आल्या. तंबाखूची धूळ आणि घरात वळल्या जाणाऱ्या विड्या, यांचा बोन मॅरोशी काय संबंध असं वाटेल. दात्याच्या पेशी फुप्फुसांवर उलटल्या तर बारीक श्वासनलिका कायमच्या आवळतात, आणि अशा छातीला धूळ-धूर परवडत नाही. वखारीतून परतलेल्या आईने लुगडं बदलून मुलाला घ्यायचं, हे सांगणारा सल्ला कुठल्याही जागतिक मार्गदर्शिकेत नाही. इथल्याच कुणीतरी तो लिहायला हवा.

आणि मग मूल मोठं होतं. ही या विषयातली सर्वांत आनंदाची आणि सर्वांत कमी तयारीची बाजू. जगभरच्या पाठपुराव्यात मोठी संख्या अशी निघते, की जी शाळा-कॉलेज करते, नोकरी धरते, संसार मांडते. बालरोगतज्ज्ञ अठराव्या वर्षी हात वर करतो, मोठ्यांच्या डॉक्टरने हे आजार पुस्तकात पाहिलेले असतात. घरात दाता भाऊ-बहिणीचं नातं वेगळ्याच वळणावर गेलेलं असतं. भांडणात 'माझंच रक्त हाय तुझ्यात' ऐकावं लागतं, आणि ते शब्दशः खरं असतं.

लग्नाचा विषय निघाला की आई दबक्या आवाजात विचारते, आता रक्तच बदललंय, मग पुढच्या पोरांत हे येणार नाही नव्हं? रक्त बदललं, बीज बदललेलं नसतं. बीजपेशी जन्मजात जनुकाच्याच असतात. मुलगा एक्स-गुणसूत्रावरच्या आजाराचा असेल तर त्याच्या सगळ्या मुली वाहक होतील, मुलगे निर्धोक. आजार दोन्ही प्रतींचा असेल आणि लग्न नात्याबाहेर झालं, तर मुलं बहुधा ठीक राहतील. म्हणजे मामाची मुलगी या वेळी नको, एवढंच सांगायचं असतं. हे शोधायला रक्त तपासून चालत नाही. रक्तातला डीएनए दात्याचा असतो, तिथे जनुक चांगलाच सापडेल. केसाचं मूळ तपासावं लागतं. लॅबला आधी सांगितलं नाही तर रिपोर्ट छान येतो आणि चुकीचा असतो.

मग अठरावं वर्ष, निपाणीचा हायवे, दुचाकी आणि लर्निंग लायसन्सचा अर्ज. त्यात एक रकाना असतो: रक्तगट. शाळेच्या दाखल्यावर, जुन्या आरोग्यपत्रिकेवर जन्माचा गट लिहिलेला आहे. अंगात दाता असलेल्या बहिणीचा गट वाहतो आहे. रकान्यात बहिणीचाच लिहायचा, आणि जुन्या कार्डावर रेघ मारून बाजूला प्रत्यारोपणाची तारीख घालायची.